बरं वाटलं म्हणून पंप बंद केला, चालेल का?

मागच्या अंकात दम्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा असं म्हटलं होतं, तर पत्रं इतकी आली की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत. एक आधीच सांगते, हे वाचून घरच्या घरी डोस बदलू नका, आपल्या डॉक्टरांना काय विचारायचं ते यातून ठरवा.

प्रश्न: माझा मुलगा 7 वर्षांचा आहे. जून लागला की खोकला सुरू, रात्री दोन-अडीचला उठून बसतो, छातीत सुं सुं वाजतं. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ पंप (इनहेलर) दिला. पंधरा दिवसांत एकदम छान झाला म्हणून बंद केला, सासूबाईपण म्हणाल्या एवढ्याशा पोराला पंपाची सवय लावू नको, मग आयुष्यभर सुटत नाही. आता परत तेच सुरू झालंय. काय चुकलं? (लालबागहून एक आई)

उत्तर: ताई, बरं वाटल्यावर बंद केलात तिथेच चुकलं, आणि हे तुमचं एकटीचं नाही, माझ्याकडे येणारे बरेच जण हेच करतात. दमा म्हणजे दम लागणं असं आपण धरून चालतो, म्हणून दम गेला की दमा गेला. पण आत श्वासनळ्यांना सूज असते, ती मूल हसत-खेळत असतानासुद्धा थोडीफार असतेच, आणि सुजलेल्या नळ्या फार चिडक्या होतात, धूळ, सर्दी, गार वारा, जोरात हसणं, पळणं, कशानेही नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ धरतो आणि त्या अरुंद फटीतून हवा जाताना ती शिट्टी वाजते. चाळीतली भिंतीची ओल तुम्हाला माहीत असेलच. दिवाळीला वरून रंग मारला की भिंत छान दिसते, ओल मात्र आतच, पुढच्या जूनला पोपडे धरतातच. त्रास झाला की घ्यायचा सालब्युटामॉलचा निळा पंप म्हणजे तो रंग, आवळलेली नळी पाच-दहा मिनिटांत सैल करतो, बस्स. डॉक्टरांनी रोज दिलेला पंप म्हणजे गच्चीची दुरुस्ती, तो सूज उतरवतो, आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. पंधरा दिवसांत खोकला थांबला, पण सूज उतरायची बाकी होती.

आता सासूबाईंचं. त्यांच्या मनात काळजीच आहे, म्हणून त्यांना हा हिशोब दाखवा. खोकल्याचं सालब्युटामॉलचं सिरप असतं ना, त्याच्या एका 5 मिलीच्या चमच्यात 2 मिलिग्रॅम औषध, म्हणजे 2000 मायक्रोग्रॅम. तेच औषध पंपाने दिलं तर दोन पफमध्ये 200 मायक्रोग्रॅम. दहा पट कमी, आणि तेही थेट छातीत, पोटातून रक्तात मग सगळ्या अंगात असा फेरा नाही. सिरपने पोरांचे हात थरथरतात, छाती धडधडते ते याचमुळे. रोजच्या पंपातलं स्टिरॉइडसुद्धा मायक्रोग्रॅममध्येच असतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. चमच्याला घर घाबरत नाही आणि पंपाला घाबरतं, हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

पंपाची सवय लागत नाही. चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणतो का, नंबर आहे म्हणून चष्मा आहे. उंचीचं विचाराल तर लपवत नाही, रोजच्या स्टिरॉइड पंपाने काही मुलांच्या उंचीत साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. पण रात्र-रात्र जागणारं, खेळायला न जाणारं, दर दोन महिन्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घेणारं मूल, त्याच्या वाढीचं त्याहून जास्त नुकसान होतं.

माझ्या आजीला दमा होता. गिरगावात दोन खोल्या, रात्री ती मांडीवर उश्या रचायची आणि त्यांच्यावर दोन्ही कोपर टेकवून पुढे वाकून बसायची, खांदे वर-खाली, वर-खाली. आम्हा पोरांना वाटायचं आजी जप करतेय. पंप तिच्या हातात आला तोवर ती सत्तरीला आली होती, आणि तोही फक्त निळा. बाजारात पंप आला 1956 साली, स्टिरॉइडचा पंप 1972 साली, आणि आज इतक्या वर्षांनीसुद्धा घराघरात त्याचं नाव काढलं की चेहरे पडतात.

तर परत डॉक्टरांकडे जा, बंद केला होता ते स्पष्ट सांगा, कोणी ओरडणार नाही. साधारण तीन महिने सगळं शांत राहिलं की डॉक्टरच डोस हळूहळू कमी करतात. बऱ्याच मुलांचा दमा मोठं होताना कमी होतो, काहींचा राहतो, आधीच सांगता येत नाही. घरात एवढं करा, पावसाळ्यात ओले कपडे तो झोपतो त्या खोलीत वाळत घालू नका, भिंतीवरची काळी बुरशी तो शाळेत गेल्यावर ओल्या फडक्याने पुसा, आणि चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात.

प्रश्न: वय 34, रोज विरार-चर्चगेट. निळा पंप खिशात असतो, घेतला की मोकळं वाटतं. दीड महिन्यात एक संपतो. डॉक्टर म्हणतात दुसरा पण सुरू कर, पण याने काम होतंय तर दुसरा महागडा कशाला?

उत्तर: दादा, तुमच्या पंपात 200 पफ असतात. दीड महिना म्हणजे 45 दिवस. भागून बघा, रोज चारच्या वर पफ झाले, आणि याला काम होतंय म्हणत नाहीत. वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप लागले तर दम्याचा मोठा अटॅक येण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात, तुमचे आठ होतायत.

दम्यावर जगभरातले तज्ज्ञ एकत्र बसून सूचना काढतात, जीना म्हणतात त्यांना. त्यांनी 2019 साली एक मोठी गोष्ट बदलली, मोठ्या माणसांना आणि 12 वर्षांवरच्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवायचं नाही असं सांगितलं. कारण तेच, नळी सैल होते, सूज तशीच वाढत राहते आणि मोकळं वाटत असल्यामुळे माणसाला कळतच नाही. आता नळी सैल करणारं फॉर्मोटेरॉल आणि सूज उतरवणारं ब्युडेसोनाइड एकत्र असलेला पंप मिळतो, तो बऱ्याच जणांना रोज आणि गरज पडली तर वरून असा दोन्हीसाठी देतात, एकाच पंपात भागतं. तुम्हाला चालेल का ते विचारा. पण हे वाचून निळा फेकून देऊ नका हां, नवीन हातात येईपर्यंत तो खिशातच राहू दे.

आणि स्वतःला चार गोष्टी विचारा, गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का, दम्याने रात्री एकदा तरी जाग आली का, निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का, आणि दम्यामुळे काही करायचं टाळलं का, जसं की दादरचा पूल चढायचं टाळून पुढच्या स्टेशनला उतरणं. एकाला जरी हो असेल तर दमा ताब्यात नाही.

प्रश्न: वय 62. दोन वर्षं पंप घेते, महाग आहे तरी घेते, पण काडीचा फरक नाही. औषध बदलावं का? (मुलुंडहून एक आजी)

उत्तर: आजी, औषध बदलायच्या आधी पंप घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवा. ओपीडीत मी प्रत्येकाला हेच सांगते, दाखवा बघू कसा घेता. तुमच्याच वयाच्या एक बाई होत्या, त्यांनी पंप तोंडापासून वीतभर लांब धरला, डोळे मिटले आणि देवापुढे अत्तर उडवावं तसं फुस्स केलं, मग तोंड मिटलं. पांढरा धूर अर्धा चष्म्यावर. दोन वर्षं त्या औषध विकत घेत होत्या आणि छातीत एक थेंब जात नव्हता. पाच मिनिटं शिकवलं, स्पेसर दिला, महिन्याने आल्या त्या दोन जिने चढून आल्या.

पंप आधी हलवायचा. मग श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडायचा, हेच सगळे विसरतात, भरलेल्या छातीत औषध जाणार कुठे. नळी दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे, हळू आत ओढायला लागायचं आणि ओढता ओढताच दाबायचं, शेवटपर्यंत ओढत राहायचं, मग मनात दहा आकडे म्हणेपर्यंत श्वास रोखायचा. दुसरा पफ असेल तर अर्धा मिनिट थांबून परत सगळं पहिल्यापासून. हा ताळमेळ लहान मुलांना आणि आपल्या वयात हात दुखणाऱ्यांना जमत नाही, म्हणून तो प्लास्टिकचा फुगीर डबा, स्पेसर, लावायचा, औषध आधी डब्यात जातं, मग तुम्ही सावकाश ओढता. स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून हवेवर वाळू द्या, फडक्याने पुसू नका, पुसल्याने आत वीज साचते आणि औषध भिंतीला चिकटून बसतं.

तुमचा कॅप्सूलवाला असेल तर सगळं उलटं, तिथे हळू नाही, जोरात आणि खोल ओढायचं, कॅप्सूल आत खडखडली पाहिजे, आणि त्यात फुंकायचं नाही, दमटपणाने पावडर गोळा होते. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेसुद्धा मी पाहिलेत, यात त्यांची काय चूक, कॅप्सूल म्हटलं की गिळायची हेच कोणालाही वाटणार, देणाऱ्याने समजावून सांगायला हवं होतं. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरा आणि थुंका, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो.

हे सगळं बरोबर असूनही फरक नसेल तर मग औषधाचं बोलू, आणि दमाच आहे ना तेही एकदा स्पायरोमेट्री करून बघू, म्हणजे नळीत जोरात फुंकायची टेस्ट. केईएम, सायन, नायर, तिन्ही ठिकाणी छातीच्या विकारांचा विभाग आहे.

प्रश्न: केळं, दही, भात बंद केलंय. बरोबर ना? आणि मृगाला हैदराबादला जिवंत मासा देतात तो घ्यावा का?

उत्तर: एखादा पदार्थ खाल्ल्यावर तुम्हाला दर वेळी त्रास होत असेल तर तो सोडा, नाहीतर केळ्याने कोणाच्या नळ्या सुजत नाहीत, वाढत्या मुलांचं दूध-दही तर मुळीच तोडू नका. माशाबद्दल एवढंच म्हणेन, श्रद्धा असेल तर जा, मी अडवणारी कोण, पण जाताना पंप बॅगेत आणि आल्यावरही तसाच चालू. मला भीती वाटते ती बिननावाच्या पुड्यांची. तीन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं तेव्हा आत बरेचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, किती ते कोणालाच माहीत नाही, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

प्रश्न: दादरला राहतो, बाल्कनीत कबुतरं. आईला सहा महिन्यांपासून कोरडा खोकला आणि दम. दमाच ना? कबुतरखाना बंद केला तेव्हा एवढं रान उठलं होतं, खरंच काही असतं का त्यात?

उत्तर: असतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला त्यावरून दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं, त्या वादात मी पडत नाही, छातीचं तेवढं सांगते. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची भुकटी दम्याच्या माणसाचा दमा बिघडवू शकते हे एक. पण त्याहून वेगळा आजार आहे, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, त्यात सूज नळ्यांना नाही तर थेट फुफ्फुसाच्या पेशीजाळीत येते. दमा येतो-जातो, आज वाईट उद्या बरा. हा आजार जुना झाला की असा येत-जात नाही, दम हळूहळू वाढतच जातो, खोकला कोरडा, वजन उतरतं, आणि पंपाने म्हणावा तसा फरक पडत नाही. तुमच्या वर्णनावरून मला हीच शंका जास्त येते, म्हणून आईला लवकर चेस्ट फिजिशियनकडे न्या आणि कबुतरांचं स्वतःहून सांगा, सीटी स्कॅन लागेल. उशीर झाला तर फुफ्फुसावर व्रण राहतात ते परत जात नाहीत. बाल्कनीला जाळी लावा, विष्ठा पाणी मारून मगच साफ करा, झाडूने कोरडी झाडू नका आणि हे काम आईला अजिबात नको.

प्रश्न: चेंबूरला राहतो. नोव्हेंबर आला की घरात सगळ्यांनाच खोकला. हवाच अशी, आपण काय करणार?

उत्तर: थंडीत समुद्रावरचं वारं मंदावतं, बांधकामाची धूळ आणि गाड्यांचा धूर खालीच अडकतो, ते खरंच आहे, तुमच्या भागात तर जास्तच. बाहेर एन 95 मास्क कामाचा आहे, कपड्याचा रुमाल बारीक कण अडवत नाही. हवा वाईट असेल त्या दिवशी पहाटेचा वॉक सोडा, उन्हं वर आल्यावर जा. पण माझं जास्त लक्ष तुमच्या घरातल्या हवेकडे आहे. डासांची कॉइल दार लावून जाळता का? 2003 सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगरेटींएवढे भरले होते. उदबत्ती, धूप, कापूर यांचं तेच. गणपतीत दहा दिवस घर भरून धूर असतो आणि अकराव्या दिवशी ओपीडी भरते. देवाला तुपाचं निरांजन लावा, धूप नको, जाळीचं दार किंवा मच्छरदाणी लावा आणि फोडणी करताना एक्झॉस्ट चालू ठेवा.

प्रश्न: वडील 74, गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजतात तिथे, पंचवीस वर्षं होते, बिडी होती. डॉक्टर म्हणतात दमा नाही, सीओपीडी आहे. फरक काय?

उत्तर: दम्यात नळ्या औषधाने बऱ्यापैकी पूर्ववत मोकळ्या होतात, सीओपीडीत झालेलं नुकसान बरंचसं कायमचं राहतं आणि दम वर्षानुवर्षं वाढत जातो. बिडी हे मोठं कारण, आणि त्यात कापसाची धूळ. कार्डिंगवाल्यांना बिसिनोसिस नावाचा आजार व्हायचा, सुट्टीनंतर कामावर परत गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळायची. वडिलांना विचारा, आठवेल त्यांना. गिरणगावातल्या कितीतरी घरांत या त्रासाला म्हातारपणाचा दम म्हणून सोडून दिलं गेलं, त्यांच्या कामाने दिलेला आजार होता तो. बिडी पूर्ण बंद, दर वर्षी फ्लूची लस, न्यूमोनियाची लस विचारून घ्या. पंप दोन्हींत असतात पण सारखे नसतात, शेजाऱ्याचा पंप देऊ नका.

प्रश्न: चौथा महिना आहे, बाळाला काही होईल म्हणून पंप बंद केलाय.

उत्तर: आजच परत सुरू करा आणि डॉक्टरांना फोन करा. तुम्हाला दम लागतो तेव्हा बाळालाही ऑक्सिजन कमी पडतो, बाळाला धोका अटॅकचा आहे, पंपाचा नाही.

प्रश्न: बायकोला मध्यरात्री मोठा अटॅक आला, आम्ही पाठ चोळत, गरम पाण्याची वाफ देत तास घालवला. तेव्हा नक्की काय करायचं असतं? (बोरिवली)

उत्तर: घाबरून जे सुचलं ते केलंत, पण साधी वाफ दम्यावर औषध नाही, उलट गडबडीत भाजतं. दवाखान्यात देतात ती नेब्युलायझरची वाफ वेगळी, त्यात औषध असतं, आणि निळा पंप स्पेसरने नीट घेतला तर घरीही जवळपास तेवढाच उपयोग होतो.

आडवं करू नका, पुढे वाकून बसू द्या, गळ्याजवळचं सैल करा. निळा पंप स्पेसरला लावून एक पफ, चार-पाच श्वास, मग दुसरा, असे चार ते सहा. वीस मिनिटांत उतार नाही तर परत तेवढेच, आणि त्याच वेळी निघायची तयारी, उतार पडतोय का बघत बसायचं नाही. एक वाक्य एका दमात पूर्ण बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल, लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, तर वीस मिनिटंसुद्धा थांबू नका, 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत, वाटेतही, पफ चालू ठेवा. अजून एक, घरघर अचानक थांबली आणि माणूस तसाच तडफडतोय तर बरं वाटलं असं समजू नका, हवाच आत जात नाहीये म्हणून आवाज बंद झालेला असतो. झोपेची गोळी चुकूनही नको. अंगदुखीच्या गोळीनंतर, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेननंतर, त्रास सुरू झाला असेल तर तेही सांगा, काहींना चालत नाहीत त्या.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घ्या, रोजचा डोस काय, त्रास वाढला तर किती पफ, कधी निघायचं, कुठे जायचं. स्पेसर माळ्यावर नको, पलंगाशेजारी हवा, पंपावर तारीख बघा, आणि तो कागद फाइलमध्ये न ठेवता फ्रीजच्या दारावर लावा, मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर.